बैल गेला, झोपा राहिला: सेलकर्कच्या डोंगरावरची हिवाळी बंदी

ज्या प्राण्यासाठी जंगल बंद केलं तो प्राणीच उरला नाही, तर जंगल पुन्हा उघडायचं की नाही? अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं वरचं चिंचोळं टोक कॅनडाच्या सीमेला टेकतं. तिथल्या सेलकर्क पर्वतरांगेत हा वाद गेली काही वर्षं चालू आहे. २००७ साली कोर्टाच्या मनाई हुकुमानं इथल्या सुमारे २ लाख ४० हजार एकर सरकारी वनजमिनीवर स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरच्या गाड्या, चालवण्यावर निर्बंध आले. कारण एकच, कॅरिबू नावाचं रेनडिअरच्या जातीचं हरीण. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत जंगली कॅरिबूचा हा शेवटचा कळप होता आणि तोही सीमेच्या अल्याड-पल्याड फिरणारा. जानेवारी २०१९ मध्ये या कळपातली उरलेली एक मादी कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी पकडली आणि उत्तरेला रेव्हलस्टोक गावाजवळच्या कुंपणात नेऊन ठेवली. तिथे कळप संपला. स्नोमोबाइलवाले म्हणतात, आता कुणासाठी आम्हाला अडवता?

वरवर पाहता त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. प्रकरणाची कागदपत्रं सालवार लावून वाचली की मात्र लक्षात येतं, त्यांची तक्रार निम्मीच खरी आहे. गंमत म्हणजे ते स्वतः ज्या निम्म्यावर भर देतात, ते हे निम्मं नव्हेच.

जमीन कुणाची, गाडी कसली

ही जमीन नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यातली. आपल्याकडे राखीव जंगल म्हटलं की फाटक, नाका आणि परवाना डोळ्यांपुढे येतो. तिकडे नॅशनल फॉरेस्ट म्हणजे लाकूडतोड, शिकार, मासेमारी, गुरं चारणं, भटकणं या सगळ्यांसाठी खुली जमीन. तिथे जाणं हा स्थानिक माणूस आपला हक्क समजतो, आणि बहुतांशी तो हक्क आहेही. त्यामुळे 'बंद' या शब्दाची तिथे बसणारी चपराक आपल्याला चटकन कळत नाही.

सेलकर्कच्या पश्चिम उतारावर प्रीस्ट लेक नावाचं लांबट तळं आहे. काठाला कूलिन, नॉर्डमन अशी छोटी वस्ती. उन्हाळ्यात इथे नावा आणि तंबूंची गर्दी असते. हिवाळ्यात मात्र मोटेलच्या खोल्या, पेट्रोलपंप आणि खानावळी चालतात त्या मुख्यतः स्नोमोबाइलवाल्यांच्या जिवावर. स्पोकेन शहरातून शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलरवर गाड्या लादून लोक येतात आणि रविवारी परततात. तळ्याच्या पूर्वेची बरीचशी वनजमीन राज्य सरकारची आहे. मनाई हुकूम होता केंद्राच्या जमिनीवर. डोंगर तोच आणि बर्फही तेच, पण कुठे जायचं नि कुठे नाही हे नकाशावरची मालकीची रेघ ठरवायची.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मा वाद तिच्या पट्ट्यात अडकलेला आहे. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात आणि मागे एक रुंद रबरी पट्टा. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाडी दाबलेल्या, सपाट केलेल्या वाटेवर छान चाले, पण भुसभुशीत खोल बर्फात उतरली की रुतून बसे. त्यामुळे वाट जिथे संपे तिथेच तिची धावही संपे. नव्वदच्या दशकापासून डोंगरी गाड्या आल्या. पट्टा दीडशे इंचांहून लांब, त्यावर अडीच-तीन इंचांची रबरी वल्ही आणि जोडीला ताकदवान इंजिन. ही गाडी वाट सोडून थेट कड्याखालच्या उतारावर चढते. जो सगळ्यांत वर जाऊन वळला त्याचा माग सगळ्यांत उंच, याला हायमार्किंग म्हणतात आणि त्यात हिमप्रपातानं माणसं मरतातही. पूर्वी कुणाच्या आवाक्यात नसलेली माथ्याची पट्टी अशी दहा-पंधरा वर्षांत सहज आवाक्यात आली. कायदे मात्र जुन्या गाडीच्या हिशेबानं लिहिलेले होते.

मुख्य वाटा सपाट करण्याचं काम ग्रूमर नावाचं अवजड यंत्र रात्री करतं. आयडाहोत त्याचा खर्च गाड्यांच्या नोंदणीच्या स्टिकरमधून येतो. म्हणजे वाटेचे पैसे भरणारे आणि वाटेवर जाणारे लोक तेच. "आम्ही फुकटे नाही" हे त्यांचं पालुपद आहे आणि ते खरंही आहे.

करडं भूत

या डोंगरांतला कॅरिबू म्हणजे रेनडिअरचाच जातभाई, पण वागणं अगदी वेगळं. उत्तर ध्रुवाकडचे कॅरिबू हजारोंच्या कळपांनी मैदानं तुडवतात. इथला डोंगरी कॅरिबू हिवाळ्यात उलटा वर चढतो. हरणं, मूस, एल्क बर्फाला भिऊन खाली दरीत उतरतात आणि त्यांच्यामागे लांडगे, प्यूमाही उतरतात. कॅरिबू मात्र पसरट खुरांवर माथ्याजवळच्या फर आणि स्प्रूसच्या जुन्या जंगलात जातो. तिथे दोन-तीन मीटर बर्फ साचून घट्ट झालेलं असतं. त्या उंचीवर उभं राहिलं की फांद्यांवरून दाढीसारखी लोंबणारी लायकेन तोंडाशी येतात. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो, त्याच कुळातली ही बुरशी आणि शैवाल यांची जोडी. भर हिवाळ्यात कॅरिबूचा जवळजवळ सगळा आहार हाच. वाढते ती इतकी सावकाश की भरपूर मिळायची तर झाडं शंभर-दीडशे वर्षांची हवीत.

इतका निकृष्ट आहार, वर्षाला एकच पिल्लू आणि तेही मादी तीनेक वर्षांची झाल्यावर. या प्राण्याचा बचाव एकाच गोष्टीत होता, आपल्याला खाणारे जिथे येऊ शकत नाहीत तिथे राहायचं. स्थानिक लोक त्याला करडं भूत म्हणत, कारण दिसतो म्हणेपर्यंत तो झाडीत विरून जाई.

विसाव्या शतकात हे जुनं जंगल दोन्ही बाजूंनी कमी होत गेलं. लाकूडतोड झाली, आगी लागल्या. १९६७ सालच्या सनडान्स आगीनं या रांगेतली पन्नास हजार एकरांहून अधिक वनराई जाळली. जिथे जंगल उतरलं तिथे कोवळी झुडपं आली, झुडपांमागे मूस आणि हरणं आली, त्यांच्यामागे शिकारी प्राणी आले. कॅरिबू त्यांचं मुख्य भक्ष्य नव्हताच, वाटेत सापडला तर मारला जाई. पण जेमतेम तीस जनावरांच्या कळपाला वर्षाला दोन-तीन असे अपघाती बळीही झेपत नाहीत. कॅनडाच्या बाजूला कूटने खिंडीतून हमरस्ता क्रमांक ३ जातो. रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटायला येणारे कॅरिबू तिथे ट्रकखाली मेले.

१९८३ च्या जानेवारीत केंद्राच्या वन्यजीव खात्यानं, म्हणजे फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसनं, या कळपाला तातडीनं संकटग्रस्त यादीत घातलं आणि १९८४ मध्ये त्यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं. त्यावेळी कळपात पंचवीस-तीस जनावरं होती. मग १९८७ ते १९९० या काळात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून ६० कॅरिबू आणून सोडले आणि १९९६ ते १९९८ मध्ये आणखी ४३. म्हणजे शंभरावर जनावरं ओतली. २००० नंतरच्या मोजण्यांत आकडा तीस ते चाळीसच्या आसपासच घोटाळत राहिला. आणून सोडलेल्यांपैकी बरीच प्यूमाच्या तोंडी गेली. जनावरं सोडणं त्यामानानं सोपं होतं, ज्या रानात सोडायची ते रान आधी हवं होतं.

कोर्टात नेमकं काय झालं

२००५ साली डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ, कॉन्झर्व्हेशन नॉर्थवेस्ट, लँड्स कौन्सिल, सेलकर्क कॉन्झर्व्हेशन अलायन्स अशा संस्थांनी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व विभागाच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश होते रॉबर्ट व्हेली. दावा लाकूडतोडीविरुद्ध नव्हता, हमरस्त्याविरुद्ध नव्हता, लांडग्यांविरुद्ध तर नव्हताच. दावा होता स्नोमोबाइलविरुद्ध. अधिक नेमकं सांगायचं तर, स्नोमोबाइलला वाट मोकळी ठेवताना फॉरेस्ट सर्व्हिस आणि वाइल्डलाइफ सर्व्हिस यांनी आपसात केलेला कायदेशीर सल्लामसलतीचा सोपस्कार अपुरा आहे, असा होता.

का, ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात केंद्राच्या खात्याला आपल्या कृतीनं प्रजाती धोक्यात येणार नाही याची खातरजमा करावी लागते. वाटा सपाट करायला मुभा देणं ही खात्याची चालू, आजची कृती. पन्नास वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांवर कुणाला कोर्टात खेचणार? सीमेपलीकडचा रस्ता तर या कोर्टाच्या हद्दीतच नाही. कोर्टाला जे थांबवता येतं तेच कोर्टापुढे येतं. संस्थांच्या वकिलांनी योग्य तो दरवाजा ठोठावला. त्यात लबाडी काही नव्हती, पण सगळी शिक्षा एकाच घटकाच्या वाट्याला आली, हेही तितकंच खरं.

आधी वाटा सपाट करण्यावर स्थगिती आली. २००६ मध्ये कोर्टानं वाइल्डलाइफ सर्व्हिसचा अहवाल कायद्यात न बसणारा ठरवला. मग व्यापक बंदी आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तिच्यात दुरुस्ती, काही जोडवाटा मोकळ्या करून. या दुरुस्तीनंतरही कॅरिबूसाठी आखलेल्या अमेरिकी क्षेत्राच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग निर्बंधाखाली राहिला. हुकूम कधीपर्यंत? तर फॉरेस्ट सर्व्हिस हिवाळी वापराचा नवा आराखडा करून नव्यानं सल्लामसलत पूर्ण करेपर्यंत.

पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ या शेवटच्या अटीत आहे. मनाई हुकूम तात्पुरता होता, पण त्याला तारीख नव्हती. तो उठवण्याची किल्ली फॉरेस्ट सर्व्हिसकडे होती आणि तिला घाई करण्याचं काहीच कारण नव्हतं. आराखडा केला तर दोन्हीकडून खटले येणार, नाही केला तर कोर्टाचा हुकूम ढाल म्हणून आहेच. वर्षं गेली. स्नोमोबाइलवाल्यांच्या तक्रारीतला खरा भाग मला इथे दिसतो. त्यांच्यावर बंदी आली याबद्दल नव्हे, तर बंदीचा निर्णय घेण्याची जबाबदारी कुणीच उचलली नाही याबद्दल.

गणपती करायला गेले

स्नोमोबाइलवाल्यांनी मात्र वेगळीच वाट धरली. झालं असं. वाइल्डलाइफ सर्व्हिसनं नोव्हेंबर २०११ मध्ये कॅरिबूसाठी तीन लाख पंचाहत्तर हजारांहून अधिक एकर जमीन 'अत्यावश्यक अधिवास' म्हणून प्रस्तावित केली. प्रीस्ट लेक आणि बॉनर्स फेरी या गावांकडे रान उठलं. आधीच निम्मा डोंगर गेला, आता उरलेलाही जाणार, असा समज पसरला.

अत्यावश्यक अधिवास ठरला म्हणून स्नोमोबाइल आपोआप बंद होत नाही. केंद्राच्या खात्याला तिथे काही करायचं असेल तर आणखी एक कसोटी लागते, एवढाच त्याचा अर्थ. २००७ ची बंदी या तरतुदीतून आलीच नव्हती. तेव्हा अधिवास आखलेलाही नव्हता. पण सुनावणीच्या सभागृहात असले बारकावे ऐकायला कोण बसतं? ज्यांचं मोटेल जानेवारीत रिकामं आहे त्यांना कायद्याचं कलम सांगून उपयोग नसतो.

मे २०१२ मध्ये आयडाहो स्टेट स्नोमोबाइल असोसिएशन आणि बॉनर काउंटी यांनी पॅसिफिक लीगल फाउंडेशन या वकिली संस्थेमार्फत अर्ज केला की या कॅरिबूला यादीतूनच काढा. युक्तिवाद चतुर होता. कायद्यानं संरक्षण प्रजातीला, उपप्रजातीला किंवा 'स्वतंत्र गट' ठरलेल्या समूहाला मिळतं. स्वतंत्र गट कशाला म्हणायचं याचं धोरण १९९६ चं. हा कळप यादीत आला १९८४ साली. मग या कसोटीवर तो कधी घासलाच गेला नाही. सीमेपलीकडे असेच आणखी कळप आहेत, तेव्हा यात वेगळं ते काय?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अधिवासाचा अंतिम निर्णय आला तो ३०,०१० एकरांचा. पावणेचार लाखांवरून तीस हजारांवर! खात्याचं कारण असं की, अमेरिकी बाजूला वार्षिक हवाई मोजणीत जेमतेम दोन-चार कॅरिबू दिसतात, कळप बहुतेक काळ कॅनडातच असतो. स्नोमोबाइलवाल्यांना हे विजयासारखं वाटलं असणार. पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या, आणि इतकी कपात करताना लोकांना मत मांडायची संधी दिली नाही म्हणून २०१५ मध्ये कोर्टानं तो निर्णय पुनर्विचारासाठी परत पाठवला.

यादीतून काढण्याच्या अर्जाचं उत्तर मे २०१४ मध्ये आलं. खात्यानं मान्य केलं की सेलकर्कचा कळप एकटा 'स्वतंत्र गट' ठरत नाही. मात्र दक्षिणेकडचे सगळे डोंगरी कॅरिबू मिळून, खोल बर्फात लायकेनवर जगणारे, असा मोठा गट नक्कीच ठरतो. आणि तो गट धोक्यात आहे. म्हणजे एक कळप यादीतून वगळा असा अर्ज केला, तर हाती आला ब्रिटिश कोलंबियातल्या कळपांसकट सगळ्यांना यादीत घेण्याचा प्रस्ताव. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा निर्णय अंतिम झाला, आणि तोही 'धोक्यात' या पायरीवर न थांबता 'संकटग्रस्त' या वरच्या पायरीवर. ३०,०१० एकर अधिवास कायम राहिला. कागदावरचं संरक्षण सगळ्यात भक्कम झालं तेव्हा सेलकर्कचं जंगल नऊ महिने रिकामं होतं.

शेवटची दहा वर्षं

आकडे पाहा. २००९ मध्ये ४६. बंदीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांतली ही चढती कमान, म्हणून पर्यावरण संस्था तिच्याकडे बोट दाखवतात. २०१२ मध्ये २७. २०१४ मध्ये १८. २०१६ मध्ये १२. २०१८ च्या वसंतात केलेल्या हवाई मोजणीत ३, तिन्ही माद्या. म्हणून स्नोमोबाइलवाले या आकड्यांकडे बोट दाखवतात: आम्ही तर डोंगरावर नव्हतोच, मग कॅरिबू कुणी मारले?

मधल्या काळात लांडगे परत आले होते. ब्रिटिश कोलंबियानं २०१५ पासून दक्षिण सेलकर्कमध्ये हेलिकॉप्टरमधून लांडगे मारायला सुरुवात केली. वॉशिंग्टन राज्यातली कॅलिस्पेल जमात कळप वाचवण्याच्या कामात शेवटपर्यंत चिकाटीनं उभी होती. गाभण माद्यांना कुंपणात ठेवून पिल्लं वाचवण्याची त्यांची योजना आकाराला येत होती, तेवढ्यात मोजणीत तीनच जनावरं निघाली. कॅनडाच्या नेचर कॉन्झर्व्हन्सीनं २००८ मध्ये डार्कवुड्स नावाची ५५ हजार हेक्टरांची खासगी मिळकत एका जर्मन घराण्याकडून विकत घेऊन तिथली जंगलं राखली होती. एवढं सगळं होऊनही कळप गेला.

तर मग स्नोमोबाइल निर्दोष? इथे मी त्यांच्या बाजूनं जात नाही. ब्रिटिश कोलंबियात झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की स्नोमोबाइलची वर्दळ वाढली की कॅरिबू उत्तम अधिवास सोडून निघून जातात. खोल बर्फात जो प्राणी एकेका लायकेनच्या झुपक्यावर दिवस काढतो त्याला हुसकावणं म्हणजे त्याच्या शिल्लक चरबीला हात घालणं. शिवाय घट्ट दाबलेला माग लांडग्यालाही चालतो. जिथे तो पोटापर्यंत रुतला असता तिथे त्याला आयता रस्ता मिळतो. कॅरिबूचा सगळा बचाव शत्रूला वर चढता न येण्यात होता आणि गाडीचा पट्टा नेमकं तेच मोडतो. "अमेरिकेच्या बाजूला कॅरिबू येतच नाहीत" या युक्तिवादातही एक वर्तुळ आहे. येत नाहीत कारण वर्दळ आहे, की वर्दळ असू द्यावी कारण ते येत नाहीत?

स्नोमोबाइलनं कळप मारला नाही. जंगलतोडीनं कळप इतका कृश केला होता की उरलेल्यांना कशाचाच धक्का सोसवत नव्हता, आणि स्नोमोबाइल हा त्या धक्क्यांपैकी एक. तोडलेलं जंगल परत यायला शंभर वर्षं लागतात, गाडी मात्र उद्या थांबवता येते. बंदी तिच्यावर आली ती या सोयीमुळेच.

आता मागणी काय आहे

दरम्यान देशपातळीवर नियम बदलले. सार्वजनिक जमिनीवरच्या मोटारगाड्यांवर नियंत्रणाचे आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये आणि कार्टर यांनी १९७७ मध्ये काढले होते. फॉरेस्ट सर्व्हिसनं २००५ च्या नियमात उन्हाळी गाड्यांना ठरवून दिलेल्या वाटांचं बंधन घातलं, बर्फावरच्या गाड्यांना मात्र सूट दिली. विंटर वाइल्डलँड्स अलायन्स ही विनामोटार हिवाळी खेळांची संघटना त्याविरुद्ध आयडाहोच्या केंद्रीय न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये जिंकली. २०१५ च्या जानेवारीत नवा नियम आला: जिथे पुरेसं बर्फ पडतं अशा प्रत्येक नॅशनल फॉरेस्टनं स्नोमोबाइल कुठे चालेल याचा नकाशा काढायचा आणि नकाशात नसेल ते सगळं बंद. पूर्वी बंद म्हटलं नाही ते खुलं असायचं. आता ते उलटलं.

आयडाहो पॅनहँडल नॅशनल फॉरेस्टच्या कनिक्सू भागाचा असा नकाशा हे आता या झगड्याचं मैदान आहे. स्नोमोबाइलवाल्यांची मागणी साधी आहे: माथ्याकडचे उतार आम्हाला परत द्या, बंदीचं कारण संपलंय. अडचण अशी की २००७ मध्ये या डोंगरावर एकाच प्राण्याच्या नावानं कुंपण घातलं होतं आणि त्या कुंपणाआड बाकीचे प्राणीही निवांत राहत होते. ग्रिझली अस्वलं सेलकर्कमध्ये आहेत. ती १९७५ पासून यादीत आहेत आणि एप्रिलच्या सुमारास पिल्लं घेऊन गुहेबाहेर पडतात. नेमकं तेव्हाच खालच्या वाटांवरचं बर्फ विरघळून गाड्या वर सरकतात. वुल्व्हरिन हा अस्वलाच्या छोट्या आवृत्तीसारखा दिसणारा पण खरा पाणमांजराच्या कुळातला प्राणी नोव्हेंबर २०२३ मध्ये यादीत आला. त्याची मादी फेब्रुवारीपासून खोल बर्फात बीळ करून वितते. २००७ मध्ये यांच्या वतीनं कुणी भांडलं नाही, कारण गरजच पडली नव्हती.

वुल्व्हरिनबद्दलची एक गोष्ट या वादात कुणी फारशी काढत नाही. २०१० नंतर आयडाहो, वायोमिंग आणि मोंटानात हिवाळी करमणुकीचा वुल्व्हरिनवर काय परिणाम होतो याचा मोठा अभ्यास झाला. त्यात आयडाहोच्या स्नोमोबाइल संघटनेचा सहभाग होता. गाडीवाल्यांनी आणि स्कीवाल्यांनी वाहनतळावर छोटी जीपीएस यंत्रं खिशात घातली, दिवसभर हिंडले आणि संध्याकाळी परत केली. असे हजारो माग गोळा झाले. तिकडे दोन डझन वुल्व्हरिनच्या गळ्यात पट्टे होते. निष्कर्ष असा निघाला की वुल्व्हरिन, त्यातही माद्या, माणसांच्या वर्दळीच्या जागा टाळतात, आणि त्यात वाट सोडून हिंडणारी वर्दळ अधिक टाळतात. गाड्यांचीही आणि स्कीवाल्यांचीही. स्वतःच्या विरोधात जाऊ शकेल असा पुरावा गोळा करायला ही मंडळी तयार झाली, ही बाब मला त्यांच्या सगळ्या कोर्टकज्ज्यांपेक्षा मोठी वाटते. आणि स्कीवाल्यांनाही त्या निष्कर्षात जागा आहे, हे त्यांच्या बाजूच्या संघटनांनी जरा मोठ्यानं म्हणायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर, २००७ ची रेघ जशीच्या तशी ठेवण्यात अर्थ नाही. ती कॅरिबूच्या हिवाळी वावरावरून काढलेली आहे. वुल्व्हरिनची बिळं आणि अस्वलांच्या गुहा त्याच रेघेवर येतील असं कुठे आहे? खालच्या, झाडीतून जाणाऱ्या जोडवाटा खुल्या करायला हरकत नसावी. त्यानं प्रीस्ट लेकच्या दोन्ही अंगांच्या वाटा जोडल्या जातील आणि गावातल्या धंद्याला हातभार लागेल. माथ्याजवळचे उघडे उतार ही मात्र निराळी गोष्ट. हायमार्किंगसाठी हवे असलेले उतार आणि वुल्व्हरिनच्या मादीला बिळासाठी हवे असलेले उतार बऱ्याचदा एकच असतात, खोल, टिकाऊ, सावलीतलं बर्फ असलेले. तिथे बंदी राहिली तर ती वुल्व्हरिनच्या नावानं, त्याच्या पुराव्यावर आणि फेरतपासणीचं साल लिहून राहावी. कॅरिबूच्या जुन्या हुकुमाच्या आडोशानं नको. आणि वसंतातली शेवटची तारीख गावातल्या प्रत्येक पेट्रोलपंपावर लावलेली असावी. ३१ मार्चला गाडी बंद म्हणजे बंद, हे निदान सगळ्यांना कळतं.

तीस हजार एकरांचा अधिवास कायद्यात अजून कॅरिबूच्याच नावावर आहे. कॅनडानं उद्या दक्षिण सेलकर्कमध्ये पुन्हा जनावरं सोडायची ठरवली, तर ती सीमा पाहून चरणार नाहीत. तेव्हा लागणारं जुनं फर-स्प्रूसचं रान या तीस हजारांत किती आणि बाहेर किती, याचा हिशेब कनिक्सूच्या नकाशात आधीच मांडून ठेवायला हवा. सनडान्सच्या आगीत जळालेल्या उतारांवरची झाडं आत्ता कुठे साठीच्या घरात पोचताहेत.